फाटक माझ्याकडे आहे

३ मार्च, सोमवार. सकाळी सव्वाआठ

तुफानची मान कशी आहे? डावीकडे वळते, उजवीकडे नाही. म्हणून फोर्कलिफ्टही तो डावीकडूनच वळवतो. (ताशी चार किलोमीटरनं चालवतो, म्हणून सगळे तुफान म्हणतात.) पॅकिंगच्या ताईंचा अंगठा? सूज उतरली. चहावाल्याचा खोकला? आहे तिथेच आहे. पॉलिशवाल्या आजोबांना झोप? लागते, पण कामावर आल्यावर. पुतणीचं डोकं? माझ्या डोक्याचं विचारू नका, असं ती स्वतःच म्हणाली.

सगळ्यांची विचारपूस झाली. आता लिहायला हरकत नाही.

ही वही पुतणीनंच दिली. वर 'सुरक्षा नोंदवही' असं छापलंय. सकाळपासून फाटकावर काही घडलंच नाही, तर नोंद कशाची करणार? तेव्हा मनातलं लिहायला घेतली. कोणी वाचायची नाही.

प्रसंग असा. आपण लाकडी हँगर करतो. मोठ्या भावानं कारखाना काढला, त्याच्यामागे त्याची मुलगी चालवते. चाळीस माणसं. मी तिचा काका. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन सगळं खोक्यांवरच्या चिठ्ठ्यांवर झालं. एकतीस वर्षं फाटकाजवळच्या खुर्चीत आहे.

गेल्या हंगामात कस्टम्सवाल्यांनी आपला कंटेनर बंदरात एकोणीस दिवस अडवला. उघडला, उपसला, कसाबसा परत भरला. हँगरांना ओल लागली. परदेशातला खरेदीदार भडकला. आता सरकारची एक योजना आहे. पुतणीनं ती मला दोनदा समजावली, मला पहिल्यांदाच कळली होती. धंदेवाल्यानं आपणहून पुढे यायचं आणि कारखान्यापासून जहाजापर्यंत आपला माल आपण नीट राखतो हे दाखवून द्यायचं. मग कस्टम्सवाले आपल्याला भागीदार मानतात, दर खेपेला खोकी उचकटत बसत नाहीत. सक्ती अजिबात नाही. फक्त खरेदीदारानं कळवलंय, पंधरा मेच्या आत प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर हँगर दुसरीकडून घेतो. अशी ही ऐच्छिक योजना.

पुतणी म्हणाली, काका, फाटक तुमच्याकडे आहे, तेवढं सांभाळा. मग टेबलाकडे बघत म्हणाली, फाटक नापास झालं तर मात्र एजन्सीचा माणूस ठेवावा लागेल. तुम्ही मग घरी आराम करा.

आराम! घरात एकच खिडकी रस्त्याकडे आहे आणि तिथे आमच्या हिचं शिवणयंत्र आहे.

संकल्प: फाटक पास करून दाखवीन. माझी पद्धत पक्की आहे. येणाऱ्याची तब्येत विचारायची. मनात काळंबेरं असलेला माणूस 'बरी आहे' म्हणून सटकतो. सरळ माणूस पाच मिनिटं सांगतो. एकतीस वर्षांत एकही चोर सापडला नाही, यावरून काय ते समजावं.

५ मार्च, बुधवार

अर्जात एकशे अठरा प्रश्न. पुतणी वाचत गेली, मी उत्तरं देत गेलो.

आत येणाऱ्यांची नोंद होते का? होते. कुठे? माझ्या डोक्यात. ती म्हणाली, डोकं तपासणीला देता येत नाही. मी म्हणालो, देतो की.

कंटेनरची सीलं कुलपात असतात का? असतात. किल्ली कोणाकडे? कपाटाच्या वरच्या खिळ्याला. ती खिळ्याला असते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे चोरली तर लगेच कळेल. पुतणीनं पेन खाली ठेवलं. पटलं असावं.

एक प्रश्न असाही होता: कारखान्यातली सर्वात कमकुवत जागा कोणती? मी सांगितलं, मागची भिंत. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

७ मार्च, शुक्रवार

ओळखपत्रं आली. गळ्यात अडकवायची. माझ्या फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत. तुफान म्हणाला, पहारेकऱ्याला शोभतो. त्याला आजपासून तब्येत विचारणार नाही.

(विचारली. मान तशीच.)

नियम म्हणजे नियम. दहा वाजता पुतणी मोटारीतून आली, गळ्यात कार्ड नाही. अडवली. आधी हसली. मग म्हणाली, काका, माझी मीटिंग आहे. मी म्हणालो, मालक असल्याचा काही पुरावा? कार्ड आणायला घरी गेली. मीटिंग हुकली म्हणे. कस्टम्सला हे कळलं तर केवढं कौतुक होईल.

एक वाजता ही डबा घेऊन आली. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, पण कार्ड नाही. मी रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, कोणाला भेटायचं, कारण. हिनं कारणाच्या रकान्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आता काही कारण उरलं नाही. डबा घेऊन परत गेली.

उपाशी. पण फाटक पक्कं.

११ मार्च, मंगळवार

सीलचं प्रशिक्षण. कस्टम्सच्या पुस्तकात चार पायऱ्या दिल्यात: बघा, पडताळा, ओढा, पिरगळा. सील दिसायला ठीक आहे का बघायचं, नंबर कागदाशी पडताळायचा, ओढून पाहायचं, पिरगळून पाहायचं. इतकं साधं शहाणपण सरकारला सुचलं याचं नवल वाटलं.

घरी सराव केला. कपाट: ओढलं, पिरगळलं, टिकलं. न्हाणीघराचं दार: टिकलं. स्वयंपाकघराच्या कपाटाची मूठ: हातात आली. हिला सांगितलं की याचा अर्थ हे कपाट आधीपासूनच असुरक्षित होतं आणि ते माझ्यामुळे वेळेवर उघडकीला आलं. ही म्हणाली, उघडकीला नाही, उघडंच आलंय. आता बसवा.

उद्या बसवीन.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी पाच

नव्या नियमांनुसार पहिला कंटेनर रवाना. सगळं माझ्या हातून.

रिकामा कंटेनर सात ठिकाणी तपासायचा असतो: पुढची भिंत, डावी, उजवी, तळ, छत, दारं आणि खालची बाजू. भिंतीमागे कोणी चोरकप्पा केला असेल तर ठोकल्यावर आवाज वेगळा येतो. मी काठीनं ठोकून ठोकून पाहिलं. ट्रकवाला म्हणाला, बाबा, दार उघडंच आहे, आत या. थट्टा करू दे. माल भरून झाल्यावर शेवटच्या खोक्यांपाशी स्वतः चढून यादी तपासली, उतरलो, दारं लावली, सील ठोकलं. बघितलं, पडताळलं, ओढलं, पिरगळलं. डोंगर हलेल, ते सील हलणार नाही.

साडेपाच. चष्मा सापडत नाही.

पावणेसहा. खिशात नाही, टेबलावर नाही, कपाळावर नाही.

सहा. यादी तपासल्यावर डोळे पुसायला काढला होता. खोक्यावर ठेवला होता. कंटेनर आता बंदराच्या रस्त्याला.

१५ मार्च, शनिवार

शांतपणे विचार केला. परत बोलवायचा म्हणजे सील तोडायचं, कारण लिहायचं, नवीन सील, नवीन कागद, पुतणीच्या सहीनं. आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिणार? 'सुरक्षा प्रमुखाचा चष्मा.' प्रमाणपत्र राहिलं बाजूला, खुर्ची जाईल.

तेव्हा ठरलं. चष्मा ही एक सवय आहे. माणसाला लागते ती नजर.

ही वही मोठ्या अक्षरांत लिहितोय, एवढाच फरक.

१९ मार्च, बुधवार

हिनं विचारलं, चष्मा कुठाय? काच घासायला दिलीय असं सांगितलं. ही म्हणाली, नवा करून टाका. छे. नवा केला म्हणजे जुना हरवला हे कबूल केल्यासारखंच.

फाटकावर काही अडत नाही. येणारा स्वतःच रजिस्टरमध्ये लिहितो, मी त्याच्याकडे करड्या नजरेनं बघतो. आज तुफाननं आपणहून चार वेळा रजिस्टर भरलं. आतून बाहेर गेला की लिहितो, बाहेरून आत आला की लिहितो, आणि लिहिताना हसतो. नियम अंगवळणी पडताहेत.

२७ मार्च, गुरुवार

कस्टम्सचं पत्र आलं. आठ एप्रिलला तपासणीला येणार. पुतणीनं सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितलं की यावर चाळीस घरांचं काम अवलंबून आहे. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, काका, परक्या माणसाला एकट्याला आत सोडायचं नाही. कार्ड वाचायचं. वाचायचं म्हणजे वाचायचं.

मी म्हणालो, डोळ्यात तेल घालून.

पॅकिंगच्या ताई मागून पुटपुटल्या की आधी डोळ्यावर काच घाला. या बाईंच्या अंगठ्याला उगाच तेल आणून दिलं.

संकल्प: आठ तारखेला फाटकातून पाखरूही जाणार नाही.

३ एप्रिल, गुरुवार

आज एक फार चांगला माणूस भेटला.

अकराच्या सुमारास आला. पन्नाशीचा, एक हात कमरेवर. कार्ड पुढे केलं. मी ते हातभर लांब धरलं, जवळ आणलं, गंभीरपणे मान हलवली. ठसठशीत अक्षरं होती, गडद. मग तब्येत विचारली.

काय सांगू! इतर लोक 'बरी आहे' म्हणतात. हा माणूस बसला. म्हणाला, पाठ गेलीय हो, दिवसभर खुर्चीत. तीन डॉक्टर झाले. मी माझी उशी त्याच्या पाठीमागे दिली. तो म्हणाला, तुमच्या गुडघ्याचं काय, उठताना धरता तुम्ही. एकतीस वर्षांत मला कोणी उलट विचारलं नव्हतं. एकदाही नाही.

तेव्हा अर्थातच त्याला आत फिरवला. सरळ बसून पाठ आखडते, चालावं लागतं. गोदाम दाखवलं, रिकामा कंटेनर दाखवला. सीलं कुठे असतात हे त्याला बघायचं होतं, तर खिळ्याची किल्ली काढून कपाट उघडलं, एक सील हातात दिलं, केवढं जड असतं बघा म्हणून. तो म्हणाला, मोजून ठेवता का? मी म्हणालो, विश्वासावर ठेवतो. ऑफिसातल्या संगणकाचं त्यानं विचारलं, तर पासवर्ड सांगितला. तो कारखान्याचंच नाव आहे, लपवायचं काय त्यात. मध्येच मला चहा सांगायला जावं लागलं, तोवर तो एकटाच फिरत होता बिचारा.

छोट्या वहीत काही काही लिहून घेत होता. मी सांगितलेल्या पाठीच्या व्यायामाचंच असणार, पायऱ्या बऱ्याच होत्या.

जाताना म्हणाला, तुमच्यासारखा माणूस फाटकावर बघितला नव्हता.

कुठून आला होता ते विचारायचं राहिलं.

८ एप्रिल, मंगळवार. रात्री

आज तपासणी. सकाळी सात वाजल्यापासून उभा होतो, बसलो नाही.

दहाला सरकारी गाडी. तिघे उतरले. पहिल्या दोघांना अडवलं. कार्ड दाखवलंत, ठीक, पण अजून काही? त्यांनी पत्र दाखवलं. मी ते उलटसुलट करून पाहिलं. रजिस्टर भरायला लावलं, पिशव्या उघडायला लावल्या, दोघांची तब्येत तीनदा विचारली, दोघेही 'बरी आहे' म्हणाले, म्हणून संशय वाढला. वीस मिनिटं. पुतणी धावत आली, मी हातानंच थांबवली. नियम.

मग तिसऱ्याकडे वळलो तर तो आपला पाठवाला! मी म्हणालो, यांना काही लागत नाही, हे घरचे आहेत, जा हो आत, पाठ कशी आहे?

पहिल्या दोघांनी पिशव्या पुन्हा खाली ठेवल्या.

तो म्हणाला, बरी आहे. पहिल्यांदाच तेवढंच म्हणाला.

संध्याकाळी पुतणीकडून कळलं ते असं. तो कस्टम्सचा मुख्य तपासनीस. न सांगता आधी एकदा येण्याची त्यांना मुभा असते. कार्डावर खात्याचं नाव ठळक अक्षरांत होतं. पुतणीनं विचारलं, काका, तुम्ही वाचलं नाहीत? मी म्हणालो, मी माणूस वाचतो.

यात माझी चूक कुठे आहे ते अजून कोणी दाखवून देऊ शकलेलं नाही. माणूस भला होता की नव्हता? होता. मी भला माणूस आत सोडला. पद्धत बरोबर निघाली.

१६ एप्रिल, बुधवार

अहवाल आला. दोन पानं. पुतणी तो वाचून ऑफिसात दार लावून बसली. बाहेरच्या टेबलावरची एक प्रत मी उचलली आणि तुफानला म्हणालो, तूच वाच, माझे हात तेलकट आहेत.

त्यानं मनात वाचलं. मान चोळली. मग मोठ्यानं वाचलं: 'फाटकावरील व्यक्ती असाधारण आपुलकीची आहे.' पुढे? तो म्हणाला, पुढे सगळं तांत्रिक आहे काका, दिवे, कुंपण वगैरे.

असाधारण! सरकारी कागदावर!

पुतणीला दाराबाहेरूनच विचारलं, प्रमाणपत्र मिळणार ना? ती म्हणाली, मिळेल, काही अटी महिन्याच्या आत पूर्ण केल्या की. अटी कोणत्या ते सांगायला लागली, पण मला हिला बातमी द्यायची होती.

हिला सांगितलं. ही म्हणाली, छान, आता मूठ बसवा.

२ मे, शुक्रवार

खरेदीदाराकडून ईमेल. माल उत्तम, ओल नाही, सील शाबूत. मात्र आत एका खोक्यावर एक चष्मा सापडला, त्याचा कागदपत्रांत उल्लेख नाही. त्यांच्याकडच्या कस्टम्सनं त्याची रीतसर चौकशी केली. चष्मा परत पाठवत आहेत.

पुतणी ईमेलची प्रत घेऊन फाटकावर आली. समोर धरली. मी वाचल्यासारखं केलं. तिनं ती प्रत उलटी धरली होती.

तिनं ती सुलटी करून माझ्या हातात दिली.

मग मीच म्हणालो, एक गोष्ट लक्षात घे. सात आठवडे, अर्धं जग, आणि त्या कंटेनरमधून साधा चष्मासुद्धा बाहेर पडू शकला नाही. सील म्हणतात ते हे!

ती माझ्या शेजारच्या दगडावर बसली. खूप वेळ हसत होती, मग डोळे पुसत होती. म्हणाली, काका, नवा करून घ्यायचा होता ना. मी आणला असता. डोकं कसं आहे विचारलं, तर म्हणाली, दुखतंय हो, दोन महिने दुखतंय. आणि पाच मिनिटं सांगत राहिली.

९ मे, शुक्रवार

चष्मा आला. पाकिटावर दोन देशांचे शिक्के. माझ्यापेक्षा जास्त फिरून आला, एक ओरखडा नाही.

घालून पहिल्यांदा अहवाल काढला. 'फाटकावरील व्यक्ती असाधारण आपुलकीची आहे.' खरंच लिहिलंय. पुढचं वाक्य: 'या जागेतील सर्वात मोठी जोखीम हीच.'

अकरा त्रुटी. मागची भिंत एकीत. दिवे एकीत. उरलेल्या नऊंत मी.

मग रजिस्टर काढलं. मार्च एकोणीस, तुफानच्या अक्षरात: 'हत्ती, नग एक. भेटीचं कारण: वजन करणे.' त्याखाली: 'तोच हत्ती. बाहेर.' त्याखाली: 'हत्तीची आई, डबा घेऊन.' एप्रिल महिन्यात दोन सम्राट आणि एक पाणबुडी आत येऊन गेली. सगळ्यांपुढे माझी सही.

तपासनीसाच्या वहीत यातलंही काही गेलं असेल.

तरीही सांगतो, नऊ ही संख्या त्यांनी फुगवली आहे. खिळा आणि किल्ली एकच धरायला हवे होते.

१२ मे, सोमवार. रात्री

प्रमाणपत्र आलं. मुदतीच्या तीन दिवस आधी. ऑफिसात भिंतीवर लावलंय म्हणे, चौकटीसकट. चाळीस घरं वाचली.

म्हणे, कारण आज सकाळी आलो तोवर मी ते पाहिलेलं नव्हतं. फाटकावर एजन्सीचा माणूस आहे. उंच, इस्त्रीचा गणवेश. माझी खुर्ची तिथे नाही, तो उभाच असतो. मी नेहमीसारखा आत निघालो तर त्यानं हात आडवा केला. कार्ड? माझं कार्ड शुक्रवारी जमा करून घेतलं होतं, अट क्रमांक चार. मी म्हणालो, मी काका. तो म्हणाला, कोणाचे?

रजिस्टर पुढे केलं. तेच रजिस्टर. नाव लिहिलं, वेळ लिहिली. कोणाला भेटायचंय: सगळ्यांना. कारण?

बराच वेळ पेन धरून उभा होतो. तो घाई करत नव्हता, तेवढं मान्य केलं पाहिजे. मग लिहिलं: 'तब्येत विचारणे.'

त्यानं वाचलं. प्रत्येक अक्षर वाचलं. फोन केला. पुतणी स्वतः खाली आली, मला आत घेऊन गेली, चहा पाजला, म्हणाली, रोज यायचं. आलो तर रोज लिहावं लागेल. लिहीन! रोज हेच लिहीन. रजिस्टर संपलं तर दुसरं आणायला लावीन.

निघताना त्या माणसाला विचारलंच, तब्येत कशी आहे? 'बरी आहे' म्हणाला. लक्ष ठेवायला हवं.

घरी आल्यावर कपाटाची मूठ बसवली. मग शिवणयंत्र जरा सरकवून खिडकीशी बसलो आणि पत्र लिहिलं. त्याची नक्कल इथे ठेवतो:

'मा. मुख्य तपासनीस साहेब, तुमचा अहवाल माझ्या चष्म्यातून वाचला. नवाच्या जागी आठ असायला हवे होते, त्याबद्दल खुलासा वेगळा पाठवीन. आपली योजना भागीदारीची आहे, म्हणून भागीदाराच्या नात्यानं लिहितो. त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही 'बरी आहे' म्हणालात, ते मला खरं वाटलं नाही. पाठ खरोखर कशी आहे? व्यायाम करता का? तिसरा व्यायाम भिंतीला टेकून करायचा, हे सांगायचं राहिलं होतं. माझा गुडघा तसाच आहे. तुम्ही विचारलं होतंत, म्हणून कळवतो. उत्तर लवकर लिहा, आणि घरच्या पत्त्यावर लिहा. स्वतः आलात तरी घरीच या. इथे फाटक नाही.'